बिंजारी वस्तीत लष्कर आल्याच्या मेसेजबद्दल खुलासा
परत तोच मेसेज फिरतोय, की ऑस्ट्रेलियात लष्कराने आदिवासींना घरातून ओढून कॅम्पात डांबलं आणि जबरदस्ती लस टोचली. असं झालेलं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये उत्तर ऑस्ट्रेलियातल्या कॅथरीन गावाजवळच्या बिंजारी आणि रॉकहोल वस्त्यांत कोरोना शिरला, तिथे एकेका छोट्या घरात खूप माणसं, पॉझिटिव्ह माणसाला वेगळी खोली कुठून देणार, म्हणून त्यांना आणि जवळच्या संपर्कातल्यांना हॉवर्ड स्प्रिंग्जच्या क्वारंटाईन सेंटरला नेलं. लष्कराचे जवान ने-आण करायला मदतीला होते, लस टोचायला नाही. लॉकडाऊन कडक होता, क्वारंटाईन सक्तीचं होतं, हे खरंच आहे. पण त्याच्या कितीतरी आधी, मार्च २०२० मध्ये, नॉर्दर्न लँड कौन्सिल या तिथल्या मूलनिवासींच्याच संस्थेने बाहेरच्यांना आपल्या जमिनीवर यायचे परमिट थांबवले होते, आपली म्हातारी माणसं वाचावीत म्हणून.