पोटॅशियम नॉर्मल आलं, तरी ॲड्रीनल झोपलेली असू शकते

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : आमवातासाठी आईंना चार महिने रोज 10 मिग्रॅ प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू होतं, ते तुम्ही दहा दिवसांपूर्वी एकदम बंद केलंत. सोडियम-पोटॅशियम नॉर्मल आहे, कातडी काळवंडलेली नाही, म्हणजे मूत्रपिंडावरची ॲड्रीनल ग्रंथी ठणठणीत. अशक्तपणा आणि मळमळ म्हणजे स्टेरॉइड अंगातून निघतंय, आणि या ब्लॉगवर लोकांना उगाच घाबरवलं जातं.

वाद नंतर घालू. आईंना आजच डॉक्टरांकडे न्या. उलट्या होत असतील, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर थेट कॅज्युअल्टीत. तिथे पहिलं वाक्य हेच सांगा : 'चार महिने स्टेरॉइड चालू होतं, दहा दिवसांपूर्वी एकदम बंद केलं.' अशा वेळी हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचं 100 मिग्रॅचं इंजेक्शन आणि सलाइन लगेच देतात, रिपोर्टची वाट बघत नाहीत.

तुम्ही शोधलेल्या खुणा ॲडिसनच्या आजाराच्या आहेत. थॉमस ॲडिसन यांनी 1855 मध्ये वर्णन केलेल्या त्या आजारात ग्रंथीच नष्ट होते. आपल्याकडे त्याला क्षयरोगही कारणीभूत ठरतो. तिथे क्षारांचा तोल राखणारं ॲड्रीनलचं संप्रेरक, अल्डोस्टेरॉन, आटतं म्हणून पोटॅशियम चढतं, आणि मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी ॲड्रीनलला कामाला लावणाऱ्या एसीटीएच या संप्रेरकाचा मारा करते म्हणून हिरड्या, तळहाताच्या रेषा काळ्या पडतात.

आईंचं तसं नाही. बाहेरून आयतं स्टेरॉइड मिळत राहिलं की पिट्युटरी एसीटीएच सोडणं थांबवते आणि ॲड्रीनलमधला कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवणारा मधला थर कामाविना सुकतो. अल्डोस्टेरॉन मात्र मुख्यतः मूत्रपिंडातल्या रेनिनच्या हुकमावर चालतं, म्हणून पोटॅशियम जागच्या जागी राहतं. एसीटीएच कमी असल्यामुळे रंगही बदलत नाही. म्हणजे तुम्ही दिलेले दोन्ही पुरावे या बिघाडात असेच दिसतात. आणि प्रेडनिसोलोनचा अंमल दीड-दोन दिवसांत संपतो. दहाव्या दिवशी बाहेर पडायला काही उरलेलं नसतं.

तुमची एक तक्रार मात्र रास्त आहे. ब्लॉगवरच्या लेखात नुसतं 'हळूहळू कमी करा' लिहिलं, आकडे दिले नाहीत. ती चूक मान्य. सर्वसाधारण पद्धत अशी : 5 मिग्रॅपर्यंत मूळ आजार परवानगी देईल त्या वेगाने उतरायचं. साधारण तेवढ्या डोसमध्ये शरीराची रोजची गरज भागते, म्हणून त्याखाली घाई नको; दर चार आठवड्यांना 1 मिग्रॅ कमी. मध्ये ताप आला तर दोन-तीन दिवस डोस दुप्पट करायला सांगतात. क्षयाचं रिफाम्पिसिन चालू असेल तर ते आवर्जून सांगा, त्याने स्टेरॉइड यकृतात लवकर मोडतं. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते हे तुमचं म्हणणं खरंच आहे, त्यामुळे गोळी सुटावी ही तुमची इच्छाही योग्य. ती या वाटेने सुटते.

पुढे तपासणी सकाळी आठच्या कॉर्टिसॉलची. आदली गोळी घेऊन 24 तास झालेले हवेत, त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर. 10 मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटरच्या वर आलं तर ग्रंथी जागी झाली. 5 च्या खाली असेल तर गोळी चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं. दुपारी घेतलेल्या रक्ताला हे आकडे लावू नका.