गावाचं नाव आणि वेळ सांगून वादळाचा अंदाज? त्या मेसेजमधला एकेक मुद्दा बघू

वळवाचे दिवस आले की एक मेसेज फिरायला लागतो, बहुतेकांना कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर आलाच असेल. थोडक्यात असा: "८५० कोटींचा सुपरकॉम्प्युटर पुण्यात बसवलाय, ६ किलोमीटरचं मॉडेल आलंय, म्हणजे कुठल्या गावात कधी वादळ येणार, कुठे गारा पडणार हे दोन दिवस आधीच कळतं. अमेरिकेत मिनिटावर सांगतात. आपलं हवामान खातं सांगत नाही, म्हणजे लपवतंय. त्यापेक्षा फोनमधलं एआयवालं अ‍ॅप बघा."

यातली निम्मी माहिती खरी आहे, म्हणूनच तो मेसेज लोकांना पटतो, आणि म्हणूनच मला त्याची काळजी वाटते. वीज पडून आपल्या देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जातात. असलं काही वाचून एखाद्याने खऱ्या इशाऱ्यावरचा विश्वास सोडला तर त्याची किंमत तो शेतात उभा राहून मोजतो. तर एकेक मुद्दा घेऊ.

"६ किलोमीटरचं मॉडेल, म्हणजे गावागणिक वादळ कळतं."

मॉडेल खरं आहे. मॉडेल म्हणजे पृथ्वीवर चौकोनांची जाळी कल्पून प्रत्येक चौकोनातल्या हवेचं गणित कॉम्प्युटरवर पुढे नेणं. याचं नाव भारत फोरकास्ट सिस्टिम, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत तयार झालं, मे २०२५ मधे हवामान खात्याकडे आलं, आधीचं १२ किलोमीटरचं होतं. संपूर्ण पृथ्वीसाठी इतकी बारीक जाळी रोज चालवणं ही मोठीच गोष्ट आहे आणि त्याचा अभिमान वाटायलाच हवा. पण जाळीचा एक चौकोन ६ किलोमीटरचा याचा अर्थ ६ किलोमीटरचं वादळ त्यात नीट दिसतं असा होत नाही. एखादी गोष्ट मॉडेलमधे खरोखर आकार घेऊन उभी राहायची तर तिच्या रुंदीत साधारण सहा ते आठ चौकोन यावे लागतात, म्हणजे ६ किलोमीटरच्या जाळीत चाळीसेक किलोमीटरच्या गोष्टी नीट दिसतात. वळवाच्या एकट्या ढगाची रुंदी असते पाच-दहा किलोमीटर आणि त्याच्या आत वर चढणारा हवेचा झोत दोन-तीन किलोमीटरचा. तो या जाळीत मावतच नाही, त्यामुळे "इथे ढग झाला असेल तर साधारण इतका पाऊस पडेल" असं मॉडेलला सूत्राने ठरवावं लागतं. पंचायत पातळीचा अंदाज जो म्हणतात तो त्या चौकोनाचा सरासरी पाऊस आहे, तुमच्या बांधावर गार पडणार की नाही याचं उत्तर त्यात नाही.

सूत्र काढून टाकून ढग मॉडेलमधे आपोआप उभा राहायला हवा असेल तर जाळी ४ किलोमीटर किंवा त्याहून बारीक लागते. १९९७ मधे अमेरिकेतल्या संशोधकांनी वादळांच्या रांगांवर हे तपासून दाखवलं होतं, ४ किलोमीटरवर रांगेची एकूण रचना आणि चाल बरीच बरोबर येते, आणि पुढच्या कामातून हेही कळलं की एकेका ढगाच्या आतली खळबळ खरी दिसायला जाळी शंभरेक मीटरपर्यंत न्यावी लागते. तशी बारीक मॉडेलं आपल्याकडेही आहेतच, नोएडाच्या सरकारी हवामान अंदाज केंद्राचं ४ किलोमीटरचं प्रादेशिक मॉडेल आहे, हवामान खातं रडारची माहिती घेऊन २ किलोमीटरचंही चालवतं. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकी ती सोडून जगभराचं मॉडेल वळवासाठी पुढे केलंय.

मुंबईचं २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला ७३. मधलं अंतर २५ किलोमीटरसुद्धा नाही! २५ किलोमीटरच्या जाळीत ही दोन्ही ठिकाणं एकाच चौकोनात येऊ शकतात, म्हणजे मॉडेलच्या दृष्टीने तो फरक अस्तित्वातच नाही. नंतर संशोधकांनी तीन-चार किलोमीटरच्या जाळीवर तोच दिवस परत चालवून बघितला तेव्हा मुंबईच्या आसपास प्रचंड पाऊस मॉडेलमधेही उभा राहिला. बारीक जाळीचा फायदा आहे तो हा, असं काही होऊ शकतं हे तिला कळतं. पण झालेला दिवस परत चालवणं वेगळं आणि आदल्या रात्री सांताक्रूझचं नाव घेणं वेगळं.

"इतका मोठा कॉम्प्युटर आहे, मग दोन दिवस आधी सांगायला काय हरकत आहे?"

आधी आकडे सरळ करू. ८५० कोटी एकट्या पुण्याचे नाहीत, पुण्याचा अर्का आणि नोएडाचा अरुणिका असे दोघांचे मिळून आहेत. अर्काची ताकद ११.७७ पेटाफ्लॉप (गणितं करण्याच्या वेगाचं माप), आधीच्या प्रत्यूषची ४, म्हणजे जवळपास तिप्पट. आता जाळी निम्मी करायची तर दोन्ही आडव्या दिशांना चौकोन दुप्पट होतात आणि वेळेची पावलंही निम्मी टाकावी लागतात, एकूण काम आठपट. तिप्पट ताकदीतून काय काय निघेल याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

पण खरी अडचण कॉम्प्युटरची नाहीच, आणि हा सगळ्या विषयाचा गाभा आहे म्हणून जरा थांबून सांगतो. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६९ मधे एक गोष्ट मांडली, वातावरणातली हालचाल जितकी छोटी तितकी तिच्यातली चूक लवकर वाढते. हजार किलोमीटरच्या कमी दाबाच्या पट्ट्यातली चूक वाढायला दिवस लागतात, दहा किलोमीटरच्या ढगातली चूक तासाभरात दुप्पट होऊ शकते. याचा परिणाम असा की जाळी बारीक करून, निरीक्षणं दुप्पट नेमकी करून तुम्ही सुरुवातीची चूक निम्म्यावर आणली तरी एकट्या वादळाच्या बाबतीत हातात जेमतेम तासभर जास्त येतो, दोन दिवस येत नाहीत. चहाचं आधण गॅसवर ठेवलं तर ते किती वेळात उकळेल हे सांगता येतं, पहिला बुडबुडा तळाच्या कुठल्या कोपऱ्यातून उठेल ते नाही. उद्या दुपारी नाशिक-नगर पट्ट्यात वादळं होणार, गारांची शक्यता आहे, हे आधण उकळण्यासारखं आहे आणि ते आज बऱ्यापैकी सांगता येतं. निफाडच्या कुठल्या द्राक्षबागेवर गारा पडतील हे त्या बुडबुड्यासारखं आहे, ते ढग उभा राहिल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही, मग कॉम्प्युटर कितीही मोठा असो.

"अमेरिकेत मिनिटावर सांगतात."

या विषयात सगळ्यात पुढे तेच आहेत हे खरं, म्हणून ते नक्की काय सांगतात ते बघूच. त्यांचं एचआरआरआर नावाचं ३ किलोमीटरचं मॉडेल २०१४ पासून दर तासाला नव्याने चालतं, रडारला दिसलेला पाऊस आत घेऊन. त्याच्याही पुढचं काम ओक्लाहोमातल्या नॉर्मन इथल्या राष्ट्रीय वादळ प्रयोगशाळेत चाललंय, वॉर्न-ऑन-फोरकास्ट. जिथे वादळाची शक्यता आहे तेवढ्याच भागावर ३ किलोमीटरची जाळी टाकायची, दर १५ मिनिटांनी रडार आणि उपग्रहाची माहिती आत घ्यायची, आणि थोडी थोडी वेगळी सुरुवात देऊन १८ अंदाज एकदम पुढच्या सहा तासांपर्यंत चालवायचे. १८ पैकी किती अंदाजांत वादळ स्वतःभोवती फिरायला लागलं यावरून शक्यता काढतात. मे २०१७ मधे ओक्लाहोमातल्या एल्क सिटीला टोर्नेडो (ढगातून जमिनीला टेकणारा वाऱ्याचा भोवरा) आला तेव्हा याच्याच सुरुवातीच्या रूपावरून नॉर्मनच्या अंदाजकारांनी तासाभराहून आधी धोक्याची जाणीव करून दिली होती. हे मोठं यश समजलं जातं, आणि आहेच. तासाभराचं!

तिथेही मिनिटावरचा जो इशारा असतो तो रडारवर वादळ बघून माणूस देतो. २०१३ मधे मूर शहराच्या टोर्नेडोचा इशारा तो जमिनीला टेकायच्या १६ मिनिटं आधी दिला गेला होता, तरी २४ माणसं गेली. आणि १० ऑगस्ट २०२० ला आयोवातून वाऱ्याची जी प्रचंड रांग गेली, ११ अब्ज डॉलरचं नुकसान करून, तिची खरी ताकद आदल्या दिवशीच्या अंदाजांत दिसलीच नव्हती, वादळ उभं राहिल्यावर दिवसभरात धोक्याची पातळी चढवत नेली. तेव्हा त्यांच्या नावाने आपल्याकडच्या शास्त्रज्ञांना बोल लावायचे असतील तर हेही सोबत सांगायला हवं.

त्यांच्याकडे एक गोष्ट मात्र आहे जी आपल्याकडे कमी आहे, ती म्हणजे रडार. त्यांच्या मुख्य जाळ्यात १६० च्या आसपास आहेत, आपल्याकडे दहाएक वर्षांपूर्वी पंधराच्या घरात होते आणि वाढून वाढून चाळीसच्या वर गेले. मुंबईत कुलाब्यानंतर २०२२ मधे वेरावलीला दुसरा आला, पण सह्याद्री आडवा येतो. शिवाय पृथ्वी गोल असल्यामुळे रडारचा झोत जितका लांब जातो तितका जमिनीपासून वर जातो, शंभर किलोमीटरवर दीडेक किलोमीटर उंच. त्याच्या खालची हवा, जिथे वाऱ्याचा पहिला झोत येतो, ती दिसतच नाही. बारीक जाळीच्या मॉडेलला सुरुवातच अशी अर्धवट दिली तर ते काय करणार?

"एआयवालं अ‍ॅप जास्त अचूक आहे."

एआय मॉडेलांनी कमाल केलीय हे मान्यच. गूगलचं ग्राफकास्ट २०२३ मधे आलं आणि दहा दिवसांच्या अंदाजात युरोपच्या नावाजलेल्या मॉडेलला बऱ्याच बाबतीत मागे टाकलं. पण त्याची जाळी पाव अंशाची, म्हणजे सुमारे २८ किलोमीटरची, वरचा सांताक्रूझ-कुलाब्याचा हिशोब तिथे जसाच्या तसा लागू होतो. आणि ते शिकलं कशावर, तर जुन्या निरीक्षणांना भौतिकशास्त्राच्या मॉडेलमधून घालून युरोपीय केंद्राने बनवलेल्या माहितीवर. वादळांसाठी एनव्हिडियाने जे स्टॉर्मकास्ट बनवलं तेही एचआरआरआरच्या ३ किलोमीटरच्या माहितीवर शिकलंय. मूळ मॉडेल बंद करून एआय चालेल असं आज तरी नाही.

अजून एक. "अ‍ॅपचं बरोबर आलं, खात्याचं चुकलं" ही तुलना बऱ्याचदा फसवी असते. बारीक मॉडेलने जोरदार वादळ दाखवलं पण २० किलोमीटर पलीकडे, तर साध्या मोजणीत ते दोनदा चूक ठरतं, जिथे दाखवलं तिथे झालं नाही आणि जिथे झालं तिथे दाखवलं नाही. उलट ज्याने सगळीकडे "हलका पाऊस" असं लिहिलं त्याचे गुण चांगले येतात! वादळ येणार हे खरं कोणी ओळखलं होतं? म्हणूनच संशोधक आता ठिपक्यावर न मोजता आजूबाजूचा परिसर धरून मोजतात.

"लपवतात."

हा मुद्दा लवकर संपतो. मॉडेलचे नकाशे खात्याच्या साइटवर रोज उघडे असतात, तीन तासांचा तातडीचा इशारा जिल्ह्यानुसार निघतो, आयआयटीएमचं दामिनी अ‍ॅप तुमच्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर कळवतं, फुकट आणि मराठीतही. इशारा निघाल्यापासून तो बांधावरच्या माणसाच्या कानापर्यंत जायला उशीर होतो ही तक्रार खरी आहे आणि ती जोरात करायला हवी. तसंच लोकप्रतिनिधींना विचारायचंच असेल तर कोटींचा आकडा बाजूला ठेवून हे विचारा की आमच्या तालुक्यावरून सगळ्यात जवळच्या रडारचा झोत किती उंचीवरून जातो, आणि त्याच्या खालचं बघायला काय लावणार आहात, कधी.