पोस्ट-टेस्टला दहापैकी दहा, पण श्वास मोजता येतो का?

गावात घरोघरी आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंचा विषय निघाला की नागपुरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, 'सारखी यांची ट्रेनिंगं चालू, गावात असतात तरी कधी?' आणि दुसरं, 'काही येत नाही हो यांना, अजून ट्रेनिंग द्या.' दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून, एकाच मीटिंगमध्ये ऐकली आहेत मी. माझी सगळी नोकरी नर्सिंग शिकवण्यात झाली आणि निवृत्तीनंतरही तालुक्याला आशांच्या बॅचेस घ्यायला जाते, त्यामुळे हे भांडण जरा घरचंच समजा.

ट्रेनिंग म्हणजे काय असतं, ते बाहेरच्यांना माहीत नसतं. एक हॉल. मे महिना असेल तर कूलरच्या आवाजात मागच्या तीन रांगांना काहीच ऐकू येत नाही. सकाळी हजेरीपटावर सही, मग तर्री-पोहे, मग प्री-टेस्ट. प्रोजेक्टरवर स्लाइडा, त्याही अर्ध्या इंग्रजीत. संध्याकाळी पोस्ट-टेस्ट, ग्रुप फोटो, आणि रामटेककडच्या बायांची शेवटच्या बससाठी धावपळ. वर अहवाल जातो: इतक्या आशा प्रशिक्षित.

आता एकच काम घ्या, नवजात बाळाचे श्वास मोजणं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असले तर धोका. हा आकडा आशाताईला झोपेतून उठवून विचारा, बरोबर सांगेल. पण खरं बाळ समोर ठेवा. बाळ रडत असताना मोजलेले श्वास कामाचे नाहीत, ते शांत हवं. झबलं वर करून पोट-छाती उघडी दिसली पाहिजे. श्वास आत गेला की एक आणि बाहेर आला की दोन, असं मोजणाऱ्या कितीतरी जणी असतात, म्हणजे आकडा सरळ दुप्पट. काही जणी अर्धा मिनिट मोजून दोननं गुणतात. नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही, मध्येच थांबतो, मध्येच भरभर होतो, म्हणून पूर्ण मिनिटच मोजावं लागतं. आणि आकडा ६० किंवा जास्त आला तर पुन्हा एकदा. नजर एकाच वेळी घड्याळावर आणि पोटावर ठेवायची, तीही सासू, आत्या आणि शेजारीण डोक्यावर उभ्या असताना. हे स्लाइड बघून कसं यावं? आपल्याकडची लांब रोटी यूट्यूबवर कितीदाही बघा, उलट्या मटक्यावर टाकताना पहिली फाटतेच.

बरं, हे होऊ शकत नाही असंही नाही. नागपूरपासून काही तासांवर गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं हे करून दाखवलं. साठपर्यंत मोजणं ज्यांना जड जात होतं अशा दायांसाठी तिथं मण्यांचं एक साधन तयार झालं. सोबत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. पुढे गावातल्या बायांना घरोघरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, त्या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी. तिकडे नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात जामखेडला आरोळे पती-पत्नींनी १९७० च्या दशकापासून गावातल्या बायांनाच आरोग्याचं काम शिकवलं. त्या शिकायला यायच्या, गावात जाऊन करायच्या, अडलेलं घेऊन पुन्हा यायच्या.

गडचिरोलीच्या कामावरूनच २०११ मध्ये देशभर आशांच्या गृहभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये. (हो, सगळ्या मिळून.) आणि ते मिळतात फॉर्म भरल्यावर. फॉर्मवर श्वासाच्या रकान्यात ४४ लिहिलंय की ४६, ते कुणी बाळाजवळ बसून ताडून बघत नाही. भेटींचं वेळापत्रक देशभर गेलं. बायांना हाताला धरून शिकवणं मात्र गडचिरोलीतच राहिलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ताडून बघायचं काम खरं तर गटप्रवर्तकाचं. वीसेक आशांमागे एक. पण तिचा महिना अहवाल गोळा करण्यात आणि पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) मीटिंगांत जातो. पगार कमी, फिरती जास्त. तिच्यावरचे निम्मे कागद काढा आणि महिन्यात चार-पाच आशांसोबत प्रत्यक्ष बाळंतिणीच्या घरी पाठवा. माझ्या मते ह्याच्याइतकं स्वस्त ट्रेनिंग दुसरं नाही.

'आता ॲप आहे, व्हिडिओ आहेत' हे उत्तर मला नेहमी मिळतं. व्हिडिओला माझा विरोध नाही, उजळणीला चांगलाच आहे. पण बाळाचं वजन करताना वजनकाटा शून्यावर आहे का, झोळीचं वजन वजा केलं का, काटा डोळ्यांच्या रेषेत धरला का, हे चुकलं तर मोबाइल टोकत नाही. बाजूला बसलेली सिस्टर टोकते.

आणि सगळंच कौशल्य हातातलं नसतं. आपल्या विदर्भात सिकलसेल आहे, आई-बापाकडून मुलात येणारा रक्ताचा आजार. नवरा-बायको दोघंही वाहक (स्वतःला आजार नाही, पण त्याचं जनुक अंगात आहे असे) असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. हे लग्न ठरवायच्या वेळी, मुलीच्या बापासमोर, तिच्यावर डाग लागू न देता कसं सांगायचं? त्याचं पोस्टर मिळतं, सराव कुणी घेत नाही. मी बॅचमध्ये एकीला मुलीचा बाप करते, एकीला होणारी सासू, आणि तिसरीला म्हणते, आता समजाव. आधी हसून हसून पुरेवाट होते, मग ती 'सासू' असे काही प्रश्न काढते की मलाच विचार करावा लागतो.

म्हणून एक साधी मागणी. शहरात नर्सिंग कॉलेजं कितीतरी आहेत. सरावाचे पुतळे आणि बाहुल्या त्यांच्याकडे असतात, परीक्षेच्या आठवड्यात कपाटातून निघतात आणि परत आत जातात. शनिवारी ती कपाटं आशांसाठी उघडा. एका वेळी दहा जणी पुरे, प्रोजेक्टर नको. प्रत्येकीनं करून दाखवावं, येईपर्यंत करावं, आणि आल्यावरच सही. बसभाडं आणि बुडालेल्या दिवसाचा मोबदला मिळालाच पाहिजे, तो जिल्ह्यानं ट्रेनिंगच्या खर्चात धरावा. ज्यांच्या कॉलेजात हे जमण्यासारखं आहे त्यांनी कमेंटमध्ये सांगा. शिकवायला मी फुकट येते.