होमस्कूलिंग केलेल्या मुलांना सैन्याची दारं खरंच बंद आहेत का?

‘मुलाला घरी शिकवलंत तर सैन्य विसरा’ असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर पुन्हा पुन्हा फिरत असतो. ओपन बोर्ड सैन्यात चालत नाही, एनडीएला (बारावीनंतर अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीला) रेग्युलर शाळा लागते, कागदपत्रांत मूल बाद होतं, एनसीसीशिवाय निवड नाही, आणि एसएसबीत, म्हणजे अधिकारी निवडीच्या चाचण्या-मुलाखतींत, घरी शिकलेलं मूल टिकत नाही, असे पाच दावे त्यात असतात. ते वाचून कोणी नववीतल्या मुलाला घाईघाईनं शाळेत घालतं, तर कोणी तयारीच सोडून देतं. दोन्हीची गरज नाही. भरतीच्या टेबलावर मान्यताप्राप्त मंडळाची गुणपत्रिका, त्यावरचे विषय, टक्के आणि तारीख पाहतात. घरी शिकलेली मुलं अडतात तीही इथेच, आणि हे सगळं दोन-तीन वर्षं आधी जमवून ठेवता येतं.

‘ओपन बोर्ड चालत नाही.’ हे चूक आहे. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, ही १९८९ साली सुरू झालेली केंद्र सरकारची संस्था आहे. तिची दहावी-बारावी सीबीएसई किंवा राज्य मंडळाच्या बरोबरीची धरली जाते. एनडीएच्या जाहिरातीतही ‘बारावी किंवा समकक्ष’ असंच म्हटलेलं असतं. गैरसमजाचं एक मूळ २०१८ सालचं आहे. त्या वर्षी ओपन स्कूलच्या मुलांना नीट परीक्षेतून वगळण्यात आलं होतं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं ती अट रद्द केली. तो वाद वैद्यकीय प्रवेशाचा होता, सैन्यभरतीचा नव्हता. दुसरं मूळ अमेरिकेत आहे. तिथे घरी शिकलेल्यांना पूर्वी दुसऱ्या श्रेणीत टाकत. आर्थिक वर्ष २०१२ च्या संरक्षण कायद्यानं त्यांना हायस्कूल पदविकाधारकांच्या रांगेत आणलं, पण जुने लेख अजून फिरतात आणि आपल्याकडचे पालक घाबरतात.

चालत नाही ते बोगस बोर्ड. ‘तीन महिन्यांत दहावी’ अशी जाहिरात करणाऱ्या एजंटाला पैसे देण्याआधी त्या मंडळाचं नाव कोब्सेच्या, म्हणजे शालेय मंडळांच्या परिषदेच्या, यादीत आहे का ते तपासा. केंब्रिजसारख्या परदेशी मंडळाची परीक्षा दिली असेल तर भारतीय विद्यापीठ संघाचं समकक्षता प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा.

‘एनडीएला रेग्युलर शाळा लागते.’ शाळेची अट नाही, विषयांची आहे. आर्मी विंगला कोणत्याही शाखेची बारावी चालते. एअर फोर्स, नेव्ही आणि नौदल अकादमीच्या प्रवेशाला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही हवेत. घरी शिकणाऱ्या मुलाच्या आवडीचे विषय घेताना गणित गळतं आणि तिथेच दोन दारं बंद होतात. गणित सोडून आर्मी विंगचा फॉर्म भरता येतो, पण लेखी परीक्षेत गणिताचे ३०० गुण असतातच. एनआयओएसमध्ये इंग्रजी ३०२, गणित ३११, भौतिकशास्त्र ३१२ आणि रसायनशास्त्र ३१३ हे विषय घ्या, पाचवा मुलाच्या आवडीचा. भौतिक आणि रसायनमध्ये लेखी आणि प्रात्यक्षिक या दोन्हींत स्वतंत्रपणे ३३ टक्के लागतात, त्यामुळे अभ्यास केंद्रावरची प्रात्यक्षिकं बुडवून चालत नाही.

खरी गफलत तारखांची होते. एनडीएचं वय साडेसोळा ते साडेएकोणीस आहे, पण ते कोर्स सुरू होण्याच्या सुमाराला मोजतात. वर्षातल्या दोनपैकी पहिल्या परीक्षेचा फॉर्म साधारण डिसेंबरमध्ये निघतो आणि कोर्स त्यानंतर वर्षभरानं, पुढच्या जानेवारीत सुरू होतो. म्हणजे फॉर्म भरताना साडेअठरा वर्षांचा मुलगा अगदी काठावर असतो. एनआयओएस दहावी आणि बारावीच्या प्रमाणपत्रांत दोन वर्षांचं अंतर मागते. वर्षभरानंतर बसायचं तर चारच विषय देता येतात. ‘घाई कशाला’ म्हणून सतराव्या वर्षी दहावी दिली की बारावी एकोणिसाव्या वर्षी होते आणि एनडीए जवळजवळ हातची जाते. दहावी पंधरा-सोळाव्या वर्षी उरकलेली बरी. एनआयओएसची किमान वयाची अट १४ वर्षांची आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. बारावीला बसलेल्यांना एनडीएचा फॉर्म भरता येतो, पण उत्तीर्ण झाल्याचा पुरावा जाहिरातीतल्या तारखेपर्यंत द्यावा लागतो. दुसऱ्या परीक्षेतून मिळणाऱ्या जुलैच्या कोर्ससाठी ही तारीख साधारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येते. एनआयओएसच्या एप्रिल-मे परीक्षेचा निकाल तोपर्यंत हातात येईलच असं नाही. जुलैचा कोर्स धरायचा असेल तर बारावी आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सत्रात द्या.

‘कागदपत्रांत बाद करतात.’ या दाव्यात तथ्य आहे, पण उपायही आहे. अग्निवीर जनरल ड्युटीला दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ लागतात. एनआयओएसमध्ये पाच विषयांत मिळून १६५ गुणांवरही मूल पास होतं, पण भरतीला २२५ हवेत. टेक्निकलला बारावी विज्ञान, एकूण ५० आणि प्रत्येक विषयात ४० टक्के लागतात. भरती मेळाव्याच्या दिवशी त्याहून मोठा घोळ दाखल्याचा होतो. ओपन स्कूलच्या उमेदवाराकडे शाळा सोडल्याचा दाखला मागतात, त्यावर गट किंवा जिल्हा शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी हवी असते. शिवाय शेवटच्या शाळेचा चारित्र्य दाखला लागतो. जो मुलगा कधी शाळेत गेलाच नाही, त्यानं एनआयओएसचं मायग्रेशन-कम-ट्रान्सफर सर्टिफिकेट काढावं, अभ्यास केंद्राच्या समन्वयकाकडून चारित्र्य दाखला घ्यावा आणि शिक्षणाधिकाऱ्यांची सही महिनाभर आधी मिळवावी. मग हे सगळं घेऊन आपल्या विभागाच्या आर्मी भरती कार्यालयात (पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर) जाऊन दाखवून यावं. मेळाव्याच्या रांगेत पहाटे हा प्रश्न निघाला तर तो तिथे सुटत नाही. राज्य मंडळाचा १७ नंबर फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणूनही दहावी देता येते, पण तिथे आधीच्या शाळेचा दाखला मागतात.

‘एनसीसी हवीच.’ नाही. एनडीएला ती अट नाही. अग्निवीर भरतीत प्रमाणपत्राचे वाढीव गुण मिळतात, इतकंच. हवी असल्यास पदवीला कॉलेजात एनसीसी घेता येते.

‘एसएसबीत टिकत नाहीत.’ घरी शिकलं म्हणून कोणाला काढत नाहीत. पीआयक्यू या वैयक्तिक माहितीच्या फॉर्ममध्ये शाळा, बोर्ड, टक्के, खेळ आणि जबाबदारीची पदं लिहायची असतात, आणि मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतात. घरी का शिकलास, दिवस कसा जायचा, मित्र कोण, हे विचारणारच. खरं तेच सांगावं. आईवडिलांनी पाठ करून दिलेलं उत्तर तिथे लगेच उघडं पडतं. अवघड जातं ते दुसरंच. एकेक शब्द पाहून १५ सेकंदांत वाक्य लिहायचं असे ६० शब्द, आणि अशा वेळी काय कराल हे लिहायला ३० मिनिटांत ६० प्रसंग. सवडीनं शिकलेल्या मुलाचा हात इथे मागे पडतो, म्हणून वर्षभर घड्याळ लावून लिहिण्याचा सराव हवा. ग्रुप टास्कमध्ये फळी, बल्ली आणि दोर घेऊन गटानं अडथळे पार करायचे असतात. ज्यानं कधी अनोळखी मुलांचं ऐकून घेतलेलं नाही, तो एकतर गप्प राहतो किंवा हुकूम सोडतो. कबड्डी किंवा फुटबॉलचा संघ, गिर्यारोहणाची संस्था, गणेश मंडळाच्या हिशेबाची जबाबदारी, यांतलं काहीतरी किमान दोन वर्षं हवं.

मेसेज एका ठिकाणी मात्र बरोबर ठरतो. डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजला मान्यताप्राप्त शाळेत सातवीत असणं किंवा सातवी उत्तीर्ण असणं लागतं, आणि सैनिक शाळेच्या नववीला मान्यताप्राप्त शाळेची आठवी लागते. ज्यांना सातारा किंवा डेहराडून गाठायचं आहे, त्यांनी त्या इयत्तेपुरतं शाळेत नाव घालावं. आणि एनडीएचं वय उलटलंच, तर मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या कोणत्याही शाखेच्या पदवीवर सीडीएस या पदवीधरांसाठीच्या परीक्षेतून इंडियन मिलिटरी अकादमीचा रस्ता उरतो. हवाई दलाचा विचार असेल तर तिथेही बारावीचं भौतिक आणि गणित किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते.