सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घ्यावी, पण आकड्यांना वगळून नव्हे

कोविडच्या साथीनंतर सार्वजनिक आरोग्य या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्यांत डॉक्टर, परिचारिका आणि दंतवैद्य असतात, तसेच समाजशास्त्राचे आणि अर्थशास्त्राचे पदवीधरही असतात. माझे उत्तर स्पष्ट आहे. ही पदवी अवश्य घ्यावी, मात्र जैवसांख्यिकी (आरोग्याच्या माहितीचे आकडेशास्त्र) आणि साथरोगशास्त्र (लोकसमूहात आजार कोणाला, किती आणि का होतात याचा अभ्यास) हे तिचे दोन कणे आहेत हे समजून घ्यावी. हे दोन विषय कसेबसे उत्तीर्ण होऊन धोरण, व्यवस्थापन किंवा आरोग्यसंवाद यांकडे वळण्याचा बेत अनेक जण आधीच आखून येतात, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

एक साधे उदाहरण घेऊ. एखादा आजार दर हजार माणसांत एकाला आहे. त्यासाठीची चाचणी आजारी माणसांपैकी ९९ टक्क्यांना बरोबर ओळखते आणि निरोगी माणसांपैकी ९९ टक्क्यांना निरोगीच ठरवते. अशा चाचणीवर कोणाचाही विश्वास बसेल. आता ती सरसकट एक लाख लोकांवर करून पाहा. त्यांतील १०० आजारी व्यक्तींपैकी ९९ सापडतील, पण ९९,९०० निरोगी व्यक्तींपैकी ९९९ जणांनाही तुम्ही आजारी आहात असे सांगितले जाईल. म्हणजे चाचणीत आजारी ठरलेल्या दर शंभर जणांपैकी खरोखर आजारी असतील ते जेमतेम नऊ, आणि बाकीच्यांच्या वाट्याला काळजी, पुढच्या तपासण्या आणि खर्च येईल. सर्वांची तपासणी करा अशी मागणी होते तेव्हा हा हिशेब मांडू शकणारा माणूस धोरण ठरवणाऱ्यांमध्ये बसलेला असायला हवा. ज्याने सांख्यिकी टाळली, तो धोरणाच्या वर्गात कितीही हुशार ठरला तरी त्या बैठकीत दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून राहील.

जवळपास प्रत्येक अभ्यासक्रमाच्या सुरुवातीला डॉ. जॉन स्नो यांची गोष्ट सांगितली जाते. १८५४ मध्ये पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीत, आजार तिथल्या पाण्यातून पसरतो असे या डॉक्टरांनी दाखवल्यावर लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला, ती ही गोष्ट. माझ्या मते त्यांचे त्याहून मोठे काम त्याच वर्षी थेम्स नदीच्या दक्षिणेला झाले. तिथल्या अनेक रस्त्यांवर लॅम्बेथ आणि साउथवर्क अँड वॉक्सहॉल या दोन कंपन्यांचे नळ शेजारीशेजारच्या घरांत होते. लॅम्बेथने १८५२ मध्ये पाणी उपसण्याची जागा शहराच्या सांडपाण्यापासून दूर, नदीच्या वरच्या अंगाला हलवली होती, तर दुसरी कंपनी शहरातलेच घाण पाणी देत राहिली. मृत्यूंच्या नोंदीतून पत्ते मिळत होते, पण कोणत्या घरात कोणाचे पाणी येते हे अनेकदा घरच्यांनाही ठाऊक नसे. तेव्हा स्नो यांनी पाण्यातील मिठाचे प्रमाण तपासून कंपनी ओळखण्याची युक्ती काढली. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर दहा हजार घरांमागे साउथवर्क अँड वॉक्सहॉलच्या ग्राहकांत ३१५ मृत्यू आढळले आणि लॅम्बेथच्या ग्राहकांत ३७. पटकीचा जंतू पाण्यातून पसरतो ही गोष्ट तेव्हा सर्वमान्य झालेली नव्हती, तरीही ही तुलना इतकी भक्कम उभी राहिली, कारण मृत्यूंच्या आकड्याखाली घरांची संख्या लिहिलेली होती. अंशाखाली योग्य छेद शोधून लिहिणे हेच या शिक्षणातले सर्वांत मोलाचे कौशल्य आहे, असे मला वाटते.

रुग्णसेवेतून येणाऱ्यांना हा बदल जड जातो, आणि ते स्वाभाविक आहे. दवाखान्यात समोर येतो तो आजारी माणूस. जे आजारी पडले नाहीत ते तिथे दिसतच नाहीत. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये मांडलेला मुद्दा म्हणूनच प्रत्येक विद्यार्थ्याने मुरवून घ्यावा असा आहे. थोडा धोका असलेल्या असंख्य लोकांमधून जितके रुग्ण निर्माण होतात, ते मोठा धोका असलेल्या मोजक्या लोकांमधून येणाऱ्या रुग्णांपेक्षा अधिक असू शकतात. केवळ अतिधोक्याच्या व्यक्ती हेरून त्यांना औषध देण्याने समाजातला आजार का आटोक्यात येत नाही, याचे उत्तर इथे आहे. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेश हुकला म्हणून नाइलाजाने या शाखेत येणाऱ्यांनी हा विचार एकदा शांतपणे समजून घ्यावा. ही शाखा दुय्यम आहे हा समज मला अजिबात मान्य नाही.

आकड्यांवर एवढा भर दिला, म्हणून क्षेत्रकार्य कमी महत्त्वाचे ठरत नाही. आकडा जन्माला येतो तो तिथेच. घरोघरच्या सर्वेक्षणात "घरातल्या बाळाला गेल्या दोन आठवड्यांत जुलाब झाले होते का?" असा प्रश्न असतो. कागदावर तो सरळ दिसतो. पण चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौच होणे ही जुलाबाची रूढ व्याख्या आईच्या मनात नसते. दात येताना पोट बिघडणारच, असे मानणारी आई "नाही" म्हणते, आणि एकदाच पातळ शौच झाल्याने घाबरलेली दुसरी "हो" म्हणते. सासू शेजारी बसलेली असेल तर उत्तर आणखी बदलते. ज्याने अशा उंबऱ्यांवर बसून स्वतः प्रश्नावली भरली आहे, तो पुढे अहवालातली टक्केवारी वाचताना ती कशी गोळा झाली असेल हे आधी विचारतो. हे वर्गात बसून कळत नाही.

नोकरीविषयी थोडक्यात सांगतो. या क्षेत्रातली बरीच कामे प्रकल्पांच्या निधीवर चालतात, त्यामुळे कंत्राटी आणि ठरावीक मुदतीच्या जागा पुष्कळ असतात. कर्ज काढून शिकणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे आणि शक्य असल्यास पदवीपूर्वी वर्ष-दोन वर्षे एखाद्या आरोग्यप्रकल्पात काम करून पाहावे. आपल्याला कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे हे त्यातून उमगते, आणि प्रबंधाचा विषयही उसना घ्यावा लागत नाही.

संस्था निवडताना केवळ नावलौकिकावर जाऊ नये. क्षेत्रकार्य किती आठवड्यांचे असते आणि त्या काळात मार्गदर्शक प्रत्यक्ष सोबत असतात का, हे विचारावे. विद्यार्थ्यांना कच्ची माहिती हाताळायला मिळते की तयार तक्तेच दिले जातात, हेही विचारावे. गेल्या दोन-तीन तुकड्यांचे प्रबंध वाचायला मागावेत आणि त्यांतले पद्धतीचे प्रकरण आधी वाचावे. नमुना कसा निवडला, किती जणांनी उत्तर देण्यास नकार दिला आणि नकार देणाऱ्यांविषयी काय नोंदवले आहे, एवढे जरी त्यात स्पष्ट लिहिलेले आढळले, तरी त्या विभागात काय आणि कसे शिकवले जाते याचा पुरेसा अंदाज येतो.