दहा दिवस, सव्वादोनशे मैल आणि एक कापलेला दोर

‘दर्यावर्दी’ यांस सविनय नमस्कार.

आपल्या प्रतिक्रियेला उत्तर देण्यास मला आठवडा लागला, कारण तिच्यातील एका मुद्द्यावर लिहिण्यापूर्वी हर्णैला जाऊन येणे भाग होते. मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गेल्या मार्गशीर्षात चंपाषष्ठीला मुंबईहून निघून मी आणि माझा आतेभाऊ अठ्ठावीस फुटी शिडाच्या बोटीतून दत्तजयंतीला पणजीला पोहोचलो आणि त्या प्रवासाची आखणी कशी केली ते मी लिहिले. तीस वर्षे तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, म्हणून काढलेल्या आपल्याला त्यात तीन गोष्टी खटकल्या. सव्वादोनशे सागरी मैलांना दहा दिवस लावून मी नवख्यांना उगाच भीती घातली, ही पहिली. बोटीला पुढे ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यात दोर अडकून इंजिन बंद पडल्यावर समोरचे दाभोळ सोडून जयगडपर्यंत जाणे हा शुद्ध अविचार होता, ही दुसरी. आणि कोणाचे तरी जाळे कापल्याचे मी पराक्रमासारखे वर्णन केले, ही तिसरी. तिसरीबद्दल आपले म्हणणे खरे आहे. पहिल्या दोहोंबद्दल मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे.

दहा दिवसांचे आधी पाहू. आपली बोट आठ नॉटने, म्हणजे ताशी आठ सागरी मैलांनी, रात्रभर चालते, हर्णैहून संध्याकाळी निघून पहाटे मुंबईला लागते आणि वाटेत सहा-सात खलाशी आळीपाळीने झोपतात. माझ्या बोटीचा पाण्याला टेकलेला भाग जेमतेम चोवीस फूट आहे. इतक्या लांबीची बोट वाऱ्याने किंवा इंजिनाने कितीही रेटली, तरी साडेसहा नॉटच्या पुढे सरकत नाही, आणि आखणी करताना तर साडेचारच धरावे लागतात. दोघांपैकी एक झोपला की दुसरा सुकाणूवर एकटाच उरतो. तीस वाव, म्हणजे सुमारे पंचावन्न मीटर, खोल पाण्याबाहेरून, जाळ्यांच्या पलीकडून, सरळ गोवा गाठावा हा आपला सल्ला समुद्राच्या दृष्टीने अगदी योग्य आहे. छोट्या बोटीला मोकळे पाणी किनाऱ्यापेक्षा सुरक्षित असते, हे मीही मान्य करतो. पण त्या हिशेबाने आम्हाला दोन रात्री सलग काढाव्या लागल्या असत्या आणि तिसऱ्या दिवशी अर्धवट झोपेतल्या डोळ्यांनी आग्वादचा दीपस्तंभ शोधत मांडवीच्या मुखाशी यावे लागले असते. पाहिलेल्या-ऐकलेल्या छोट्या बोटींच्या अपघातांत मला लाटेपेक्षा झोपेचाच हात अधिक दिसला आहे.

आपण नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे यांचे उदाहरण दिले आहे. २००९-१० मध्ये त्यांनी ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, मग दोघांना गोव्यापर्यंत जायला एवढे सोपस्कार कशाला, असा आपला प्रश्न आहे. ‘म्हादेई’ छप्पन्न फुटी, म्हणजे माझ्या बोटीच्या बरोबर दुप्पट लांब, हा फरक बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. महासागराच्या मध्यावर वीस-वीस मिनिटांच्या डुलक्या घेता येतात, कारण शेकडो मैलांत आदळण्यासारखे काही नसते. मुरुड ते मालवण या पट्ट्यात तशी डुलकी घेणाऱ्याला जाग येईल ती खडकावर किंवा कोणाच्या तरी जाळ्यात. त्यांच्या धैर्याशी माझी तुलना करण्याचा प्रश्नच नाही, पण किनाऱ्याचे गणित मुळात वेगळे आहे.

मी मैल मोजून दिवस आखले नव्हते, तर प्रत्येक दिवशी दुपारी चारच्या आत ज्या बंदरात शिरता येईल ते बंदर आधी ठरवले होते आणि त्यावरून निघण्याची वेळ मागे मोजत आणली होती. दिघी, हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला आणि पणजी असे नऊ टप्पे पडले. त्यांत सर्वांत लांब पहिला, सुमारे बेचाळीस मैलांचा, आणि सर्वांत छोटा विजयदुर्ग ते देवगड, अकरा मैलांचा. त्या अकरा मैलांवर आपण विशेष हसला आहात. त्या दिवशी आम्ही कपडे धुतले, पाणी भरले आणि बारा तास झोपलो. पुढे मालवणच्या खडकांतून वाट काढायची होती, ती ताज्या डोळ्यांनी काढली.

हिवाळ्यातला आपला वारा घड्याळासारखा चालतो, हे मी आपल्याला सांगणे म्हणजे काशीला गंगाजल नेण्यासारखे आहे. तरी नवख्या वाचकांसाठी लिहितो. पहाटे जमिनीवरून येणारा मतलई वारा दहा-साडेदहापर्यंत साथ देतो, मग तास-दोन तास पाणी तेलासारखे पडून राहते आणि बाराच्या सुमारास वायव्येचा खारा वारा उठतो. तो चारपर्यंत पंधरा नॉटपर्यंत चढतो आणि सूर्यास्तानंतर मरतो. दक्षिणेला जाताना हा वारा पाठीशी असतो, म्हणून जाणे सुखाचे आणि येणे त्रासाचे. पण हाच वारा दुपारी खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या प्रवाहावर समोरून येतो, तेव्हा वाळूच्या दांड्यावर लाटा उभ्या राहून फुटतात. म्हणून तिथी पाहणे आले. तिथीला पाऊणने गुणले की भरतीचा तास मिळतो, हा हिशेब कोळीवाड्यातल्या पोरांना पाठ असतो आणि मुंबईला थोडा उशीर व गोव्याकडे थोडी घाई धरली तर तो आजही चालतो. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी साडेपाचला पूर्ण ओहोटी. दमलेली बोट बंदराशी येते नेमक्या त्याच वेळी. अष्टमीला मात्र आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी भरती आणि तीही भांगाची, कमी ताणाची. मुंबईकडे उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते-उतरते, गोव्याकडे दोनेक मीटर. म्हणून उत्तरेचे टप्पे भांगावर आणि गोव्याजवळचे पौर्णिमेच्या सुमारास येतील असा मुहूर्त काढला. चंपाषष्ठी निवडली ती खंडोबाच्या भक्तीने नव्हे, हे आमच्या आत्याला अजून पटलेले नाही.

आता दाभोळ. आपले म्हणणे असे, की भांगाच्या ओहोटीलाही दाभोळच्या मुखात पाणी भरपूर असते, आपल्या बोटी बिनधास्त ये-जा करतात, आणि इंजिन निकामी झालेल्या बोटीने पहिले दिसेल ते बंदर धरावे. शेवटचा नियम मीही लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि बहुतेक वेळा तो खराही असतो.

त्या दिवशी अष्टमी होती. हर्णैहून पहाटे पाचला मतलई वाऱ्यावर निघालो. वारा अशक्त, म्हणून इंजिनही चालू होते. साडेसहाच्या सुमारास, उजाडते न उजाडते तोच, इंजिनाचा आवाज एकदम जड झाला, बोट हादरली आणि इंजिन बंद पडले. मागे पाहिले तर कोणाच्या तरी जाळ्याचा बोया, म्हणजे खूण म्हणून तरंगत ठेवलेला पांढरा कॅन, त्यावर निळी पट्टी, बोटीच्या शेपटीला ताणून बांधल्यासारखा गटांगळ्या खात होता. मी कमरेला दोर बांधून, डोक्यावर सायकलचे हेल्मेट घालून पाण्यात उतरलो. हेल्मेट हास्यास्पद वाटते खरे, पण लाटेवर बोटीची शेपटी हातभर वर उठून खाली आपटते आणि डोके नेमके तिच्याखाली असते. पाणी गढूळ, हाताचा पंजा जेमतेम दिसे. नायलॉनचा दोर पंख्याच्या दांड्यावर, शाफ्टवर, आठ-दहा वेढे बसून घर्षणाने वितळला होता आणि गार पाण्यात गोठून प्लास्टिकच्या नळीसारखा टणक झाला होता. कमरेची महागडी सुरी त्यावर नुसती घसरत होती. शेवटी आतेभावाने स्वयंपाकघरातली पाव कापायची दातेरी सुरी खाली दिली आणि तिने काम केले. बुडाला चिकटलेल्या बारीक शंखांनी बोटांची सालटी निघाली. एकेका श्वासाला दोन-तीन ओढ, असे करत दोन तासांनी बोट सुटली, पण पंखा आणि बूड यांच्यामधला एक घट्ट गोळा निघाला नाही. त्या अवस्थेत इंजिन चालवले असते तर शाफ्टच्या सीलमधून पाणी आत येण्याची भीती होती.

तेव्हापासून फक्त शीड. मतलई मरत आलेला, दहानंतर वारा ठार पडलेला, अशा चालीने दाभोळसमोर यायला साडेअकरा वाजले. ओहोटी सव्वाबाराला पूर्ण होणार होती. आपल्या बोटीला इंजिन असते, आणि मुखातला वाळूचा दांडा यंदाच्या पावसाळ्याने कोठे सरकवला हे आपल्याला रोजच्या वहिवाटीने ठाऊक असते. माझ्याकडे नकाशा होता आणि वाळू नकाशा वाचत नाही. माझ्या बोटीचे बूड एक मीटर चाळीस सेंटीमीटर खाली उतरते. वाळूला टेकल्यावर आपण मशीन उलटे फिरवून मागे याल, पण मला मागे येण्याचे साधनच नव्हते, आणि टेकलेल्या बोटीला अर्ध्या तासात उठणारा वायव्येचा वारा आणखी आत ढकलून आडवी पाडणार होता. बाहेर नांगर टाकून भरतीची वाट पाहावी, हा पर्याय आम्ही बोललो होतो, पण तसे केले असते तर भर वाऱ्यात, उघड्या किनाऱ्यासमोर, इंजिनाविना नांगर उचलण्याची पाळी आली असती. याउलट जयगड अठरा मैलांवर. तेथे मोठी जहाजे येतात इतके पाणी आहे, मुख रुंद आहे, वारा पाठीशी येणार होता आणि आम्ही पोहोचू तेव्हा भरती चढती असणार होती. बोट धडधाकट होती, शीड धडधाकट होते, फक्त पंखा अडकला होता. शिडाच्या बोटीचे इंजिन बंद पडणे म्हणजे संकट नव्हे. इंजिनाविना अरुंद जागेत शिरणे हे संकट. चार वाजून दहा मिनिटांनी जयगडला किल्ल्याच्या आडोशाला नांगर टाकला, तेव्हा सूर्यास्ताला जवळजवळ दोन तास होते.

निर्णय चूक असता तर? तेही मी विचारात घेतले होते. व्हीएचएफ रेडिओवर सोळा नंबरच्या वाहिनीवर आमची अवस्था कळवून ठेवली होती आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक दोघांच्या फोनवर होता. या उपकरणांना आपण ‘शहरी चोचले’ म्हटले आहे. मला एवढेच आठवण करून द्यावेसे वाटते, की २००९ च्या नोव्हेंबरात ‘फयान’ आले तेव्हा आणि २०१७ च्या डिसेंबरात ‘ओखी’ आले तेव्हा समुद्रात असलेले लोक आपल्यासारखेच अनुभवी होते. ‘ओखी’त केरळ-तामिळनाडूच्या अनेक बोटी देवगडला आश्रयाला आल्या, त्या देवगडचा रस्ता त्यांना मिळाला म्हणून वाचल्या. पावसाळा संपला की समुद्र शहाणा होतो, हे ऑक्टोबर-नोव्हेंबरला तर मुळीच लागू नाही. म्हणूनच आम्ही दिवाळीच्या सुट्टीत न जाता मार्गशीर्षापर्यंत थांबलो आणि रोज पहाटे हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा वाचल्याशिवाय नांगर उचलला नाही. हे वाचून कोणी नवखा घाबरून घरी बसला, तर बसू दे. पुढच्या वर्षी तयारी करून जाईल.

राहिला दोर. ‘जाळे कापून आम्ही स्वतःची सुटका करून घेतली’ हे माझे वाक्य आपण उद्धृत केले आहे आणि ते वाचताना मला लाज वाटली. आम्ही जाळ्याची वीण कापली नाही, बोयाचा दोर कापला, आणि सुटलेले टोक आमच्या एका फेंडरला, म्हणजे बोटीच्या कडेला धक्का बसू नये म्हणून लावतात त्या फुग्याला, बांधून तेथेच सोडले, हे खरे आहे. पण ज्याचा बोया गेला त्याला हा फरक सांगून काय उपयोग? प्रवाहाने फेंडर कुठे नेला असेल, जाळे सापडले की तळाशी गेले, त्याचा एक दिवस बुडाला की आठवडा, हे मला ठाऊक नव्हते आणि लेख लिहिताना ते शोधण्याची बुद्धीही झाली नव्हती. उजाडण्यापूर्वी, जाळ्यांच्या पट्ट्यातून, इंजिन चालू ठेवून जाणे ही चूक माझी होती. तासभर उशिरा निघालो असतो तर कॅन दिसला असता आणि तरीही जयगड उजेडातच गाठले असते. आखणीतला हा दोष मी लेखात लिहायला हवा होता.

गेल्या शनिवारी हर्णैला गेलो होतो. संध्याकाळी किनाऱ्यावर लिलाव चालू असताना चार-पाच जणांना कॅनचे वर्णन सांगितले. एकाने ‘तो आमचा नव्हे, पाजचा असेल’ म्हटले, म्हणून शेजारच्या पाजपंढरी गावात गेलो तर तेथे ‘तसले कॅन दाभोळकडचे’ असे उत्तर मिळाले. कोणी रागावले नाही, उलट एका म्हाताऱ्या बाईंनी बोटांच्या जखमा पाहून हळद लावलीस का, असे विचारले. मालक सापडला नाही.

बोट सध्या गोव्यात आहे आणि माघात, खारा वारा आणखी कडक होण्यापूर्वी, तिला परत मुंबईला आणायचे आहे. उत्तरेकडे येताना पहाटेचा मतलईच तेवढा उपयोगाचा, त्यामुळे अंधारात निघण्याचा मोह या वेळी जास्त असेल. म्हणून आपल्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. पांढऱ्या कॅनवर निळी पट्टी, दोर हिरवा, साधारण करंगळीएवढा जाड, आणि जागा हर्णैच्या दक्षिणेला सहा-सात मैलांवर, या खुणांवरून मालकाचा पत्ता लागला तर कृपया कळवावे. दोर, कॅन आणि दोन दिवसांच्या मासळीची भरपाई म्हणून मी रक्कम बाजूला काढून ठेवली आहे, ती कमी वाटली तर त्यांनी सांगावे. आणि माघात त्या पट्ट्यातली जाळी किती वाव पाण्यापर्यंत लागतात, ते सांगितलेत तर येताना मी त्याच्या बाहेरून येईन, मग रत्नागिरी ते दिघी एका दमात करावे लागले तरी चालेल.

आपला,
लेखक