फ्रोडो म्हणजे ख्रिस्त नव्हे

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कल्पित जगातली कादंबरी म्हणजे येशूचीच कथा, फक्त नावं बदललेली, असा दावा समाजमाध्यमांवर सतत फिरतो. पुरावे ठरलेले असतात: नायक फ्रोडो जी दुष्ट अंगठी आगीत नष्ट करायला वाहून नेतो ती म्हणजे क्रूस, जादूगार गँडाल्फ मरून परत येतो ते पुनरुत्थान, प्रवासात खायची लेंबास भाकर म्हणजे ख्रिस्तप्रसाद (चर्चमध्ये ख्रिस्ताचं शरीर म्हणून दिली जाणारी भाकर), अंगठी नष्ट होते ती २५ मार्चला. लेखक टॉल्किन कॅथलिक होतेच, मग वाद कसला? मला त्यांची श्रद्धा महत्त्वाची वाटते, म्हणूनच हा दावा खटकतो.

तारखेचं खरं आहे. २५ मार्च हा मारियेला देवदूताने निरोप दिल्याचा सण, आणि जुन्या परंपरेत क्रूसावरील मरणाचाही दिवस. अंगठी घेऊन फ्रोडो आणि त्याचे सोबती रिव्हेन्डेल या ठिकाणाहून निघतात ते २५ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या दिवशी. दोन्ही तारखा टॉल्किननी मुद्दाम निवडल्या होत्या. पण तारखेने प्रसंगाला वजन येतं, पात्राची ओळख बदलत नाही.

गँडाल्फचं नाव आलंय जुन्या नॉर्स (उत्तर युरोपातल्या) काव्यातल्या बुटक्यांच्या यादीतून, आणि त्याच्या भटक्या रूपाची तुलना टॉल्किननी ओडिन या नॉर्स देवाशी केली होती. तो माणसाच्या देहात पाठवलेला देवदूतासारखा जीव. काम अपुरं राहिलं म्हणून परत धाडलेला. देवाचा देहावतार ही आपण लिहायला धजावू त्याहून कितीतरी मोठी गोष्ट आहे, असं त्यांनी १९५६च्या पत्रात स्पष्ट लिहिलंय.

लेंबासचा मुद्दा मात्र जोरकस आहे. इतर अन्न सोडून फक्त तीच खाल्ली की इच्छाशक्ती वाढते, हे वाचून ख्रिस्तप्रसाद आठवणारच. टॉल्किननीही ते नाकारलं नाही. मोठ्या गोष्टींचा रंग छोट्या गोष्टींवर चढतो, एवढंच म्हणाले.

उरतं ते टॉल्किनचं १९५३चं पत्र. त्यातलं ‘हे मुळातच धार्मिक आणि कॅथलिक लेखन आहे’ हे वाक्य सगळे शेअर करतात. पुढचं कुणी देत नाही: म्हणूनच धर्मासारखं दिसणारं जवळजवळ सगळं आपण गाळलं, कारण तो भाग कथेतच मुरलाय.

कुठे मुरलाय, ते डूम पर्वतावर, म्हणजे अंगठी जिथे नष्ट करायची त्या ज्वालामुखीवर दिसतं. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू देवाला म्हणतो, माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. अग्नीच्या कड्यावर फ्रोडो नेमकं उलट करतो. जे करायला आलो ते करणार नाही, अंगठी माझी आहे, असं म्हणून तो ती बोटात घालतो. म्हणजे नायक हरतो. मग अंगठीचा जुना मालक, तिच्या लोभाने मागावर असलेला गोलम, त्याचं बोट चावून तोडतो, अंगठी मिळवतो आणि तिच्यासकट आगीत पडतो.

पण गोलम तिथवर जिवंत पोचला कसा? खूप आधी, काळोख्या बोगद्यात गोलमसमोर फ्रोडोचा वडीलधारा नातेवाईक बिल्बो अंगठीमुळे अदृश्य होता, हातात तलवार होती, तरी दया येऊन त्याने वार केला नाही. पुढे फ्रोडोने त्याला सोडलं. अगदी शेवटी, त्याच पर्वताच्या उतारावर, फ्रोडोचा सोबती सॅमने तलवार उगारली होती. त्याच्याही हातून तो मारला गेला नाही. आधी केलेली ही क्षमाच फ्रोडोला वाचवते, हे टॉल्किननी पत्रांतून सांगितलं आणि त्या प्रसंगाला येशूने शिकवलेल्या ‘प्रभूच्या प्रार्थने’तल्या शेवटच्या मागण्यांशी जोडलं: आम्हाला परीक्षेत आणू नकोस, वाइटापासून सोडव. फ्रोडोला ख्रिस्त ठरवायचं तर नेमका हाच प्रसंग बाजूला ठेवावा लागतो.